गेथशेमाने : भयाच्या रात्रीची प्रार्थना

मृत्यूला हसतमुखाने सामोरे जाणाऱ्या महापुरुषांच्या कथा सर्वच समाजांना प्रिय असतात. ख्रिस्ती धर्मग्रंथाने मात्र आपल्या आराध्याच्या अखेरच्या रात्रीची जी हकीकत जपून ठेवली आहे, ती या अपेक्षेला छेद देणारी आहे. क्रूसावर खिळले जाण्याच्या आदल्या रात्री येशू ख्रिस्त भयाने आणि दुःखाने व्याकूळ झाले. पुढ्यात आलेले संकट टळावे अशी विनवणी त्यांनी ईश्वराकडे केली. सोबतीसाठी मित्रांना जागे राहण्यास सांगितले आणि ते झोपी गेलेले पाहून ते व्यथितही झाले. जेरुसलेमच्या वेशीबाहेरील गेथशेमाने नावाच्या मळ्यात घडलेल्या या प्रसंगाचे स्मरण दरवर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री जगभरातील चर्चमध्ये केले जाते.

भीती वाटणे म्हणजे श्रद्धा डळमळणे काय? आणि ज्या कार्यासाठी ईश्वराने आपल्याला नेमले आहे असे माणूस मानतो, ते कार्य प्रत्यक्ष समोर उभे ठाकल्यावर पाय मागे ओढू लागले, तर त्याने काय करावे? ख्रिस्ती परंपरेने या प्रश्नांचा विचार जवळपास दोन हजार वर्षे प्रामुख्याने या एका प्रसंगाच्या आधारे केला आहे. त्या विचारापायी एका वृद्ध संन्याशाला जीभ गमवावी लागली, तर कित्येकांनी तुरुंगाच्या कोठडीत त्याचाच आसरा घेतला.

तेलघाण्याचा मळा

गेथशेमाने हा शब्द अरामी भाषेतून आलेला असून त्याचा अर्थ तेलाचा घाणा असा होतो. जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या पूर्वेस किद्रोन नावाची दरी आहे. ती ओलांडली की जैतुनाचा, म्हणजेच ऑलिव्हचा डोंगर लागतो. त्या डोंगराच्या पायथ्याशी जैतुनाची झाडे आणि तेल गाळण्याचा घाणा असलेली ही जागा होती. वल्हांडणाचा सण पौर्णिमेच्या सुमारास येतो, त्यामुळे त्या रात्री आकाशात जवळपास पूर्ण चंद्र असणार. सणाचे भोजन आटोपून येशू आपल्या शिष्यांसह येथे आले. ही त्यांची नेहमीची जागा होती आणि त्यांना पकडून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत यालाही ती ठाऊक होती.

या जागेचे भौगोलिक स्थान ध्यानात घेण्याजोगे आहे. जैतुनाचा डोंगर चढून पलीकडे उतरले की यहूदियाचे वाळवंट सुरू होते. बायबलच्या जुन्या करारानुसार, पुत्र अबशालोमने बंड केले तेव्हा दावीद राजा किद्रोन ओलांडून, रडत रडत याच डोंगराच्या वाटेने निसटला होता. म्हणजे त्या रात्री पळून जाण्याची वाट मोकळी होती. पकडायला आलेले लोक मशाली घेऊन दरी उतरत असताना माथ्यापलीकडचा अंधार गाठणे अशक्य नव्हते. येशू तेथेच थांबले, या गोष्टीला त्यामुळे विशेष अर्थ प्राप्त होतो.

चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमची यात्रा करणाऱ्या एगेरिया नावाच्या स्त्रीने आपल्या प्रवासवर्णनात या स्थळाची नोंद केली आहे. पवित्र गुरुवारच्या रात्री यात्रेकरू डोंगरावरून मेणबत्त्यांच्या उजेडात येथे उतरत. अटकेचा वृत्तांत वाचला जाऊ लागला की जमलेल्यांचा आक्रोश शहरापर्यंत ऐकू जात असे, असे ती लिहिते. त्याच शतकात येथे पहिले चर्च उभे राहिले होते. आज त्या जागी दिसणारे ‘चर्च ऑफ ऑल नेशन्स’ हे इटालियन वास्तुशिल्पी अंतोनियो बार्लुत्सी यांच्या आराखड्यानुसार १९१९ ते १९२४ या काळात बांधले गेले. अनेक देशांच्या देणग्यांतून उभे राहिल्याने त्याला हे नाव पडले. खिडक्यांना बसवलेल्या जांभळट दगडी काचांमुळे भर दुपारीही आत रात्रीचा भास होतो. वेदीसमोर एक उघडा खडक राखलेला असून येशूंनी त्यावरच प्रार्थना केली, अशी श्रद्धा आहे.

चर्चलगतच्या बागेत जैतुनाची आठ अतिप्राचीन झाडे आहेत. ती येशूंच्या काळातीलच आहेत, असे यात्रेकरूंना सांगितले जात असे. तथापि, इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमला वेढा घातला तेव्हा आसपासची झाडे तोडून टाकण्यात आली, असे ज्यू इतिहासकार जोसेफस याने लिहून ठेवले आहे. इटलीतील राष्ट्रीय संशोधन मंडळाच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या तपासणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये जाहीर झाले. आठपैकी तीन झाडांच्या खोडांचे वय ठरवता आले आणि ती बाराव्या शतकाच्या आसपासची निघाली. आठही झाडांची जनुकीय ठेवण एकसारखी आढळली, अर्थात ती एकाच मूळ झाडाच्या फांद्यांपासून वाढवलेली असावीत. त्याच परिसरात २०२० मध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ज्यूंचे शुद्धिस्नानाचे कुंड सापडल्याचे इस्रायली पुरातत्त्वज्ञांनी जाहीर केले.

शुभवर्तमानांतील नोंदी

येशूंच्या जीवनाचे वृत्तांत सांगणारी मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चार शुभवर्तमाने नव्या करारात आहेत. त्यांपैकी मार्कचे शुभवर्तमान सर्वांत जुने असल्याचे बहुसंख्य अभ्यासक मानतात. उल्लेखनीय म्हणजे, याच सर्वांत जुन्या वृत्तांतात येशूंच्या व्याकुळतेचे वर्णन सर्वांत उघड शब्दांत केलेले आहे. मार्कने वापरलेल्या मूळ ग्रीक क्रियापदांतून हबकून जाणे आणि जीव कासावीस होणे असे अर्थ व्यक्त होतात. पेत्र, याकोब आणि योहान या तीन निकटच्या शिष्यांना येशू आपल्यासोबत थोडे पुढे नेतात. आपला जीव दुःखाने मरणप्राय झाला असल्याचे ते त्यांना सांगतात आणि जागे राहण्याची विनंती करतात. मग काही पावले पुढे जाऊन ते जमिनीवर कोसळतात.

त्यानंतरची प्रार्थना अत्यंत थोडक्या शब्दांची आहे. घरातील मूल वडिलांना ज्या शब्दाने हाक मारी, तो ‘अब्बा’ हा अरामी शब्द मार्कने ग्रीक मजकुरातही तसाच ठेवला आहे. पित्याला सर्व काही शक्य आहे, असे येशू प्रथम म्हणतात. मग हा प्याला आपल्यापासून दूर करावा, असे ते मागतात. शेवटी आपल्या मनासारखे न होता पित्याच्या मनासारखे व्हावे, असे म्हणतात. तीन वाक्यांचा हा क्रम पुढील साऱ्या ख्रिस्ती चिंतनाचा पाया ठरला.

मार्क आणि मत्तय यांच्या वृत्तांतानुसार ही प्रार्थना तीनदा केली जाते आणि तिन्ही वेळा शिष्य झोपलेले आढळतात. आपण येशूंचा प्याला पिऊ शकतो, असे याकोब आणि योहान यांनी काही काळापूर्वीच मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते. पेत्राने तर त्याच संध्याकाळी प्राण गेला तरी साथ न सोडण्याचे वचन दिले होते. घाबरलेला गुरू जागा राहतो आणि निर्धास्त शिष्य झोपी जातात. थोड्याच वेळाने जमाव येतो, तेव्हा पळ काढतात तेही हेच शिष्य. लूकने मात्र त्यांच्या झोपेकडे सहानुभूतीने पाहिले आहे. ते दुःखाने थकून झोपले होते, असे तो लिहितो.

लूकच्या वृत्तांतात आणखी दोन तपशील येतात. एक देवदूत येशूंना धीर देतो आणि त्यांचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा भूमीवर पडतो. येथे आलेल्या ‘अगोनिया’ या ग्रीक शब्दावरूनच या प्रसंगाला इंग्रजीत ‘अॅगनी’ असे नाव पडले. झुंजीपूर्वी मल्लाच्या मनात चालणारी घालमेल अशीही त्या शब्दाची छटा आहे. ही दोन वचने व्हॅटिकन हस्तलिखितासह काही अतिप्राचीन प्रतींमध्ये आढळत नाहीत. दुसऱ्या शतकातील लेखक जस्टिन याला मात्र रक्ताच्या घामाची ही आठवण ठाऊक होती. ही वचने मागाहून आत आली की देवाला न शोभणारी वाटल्याने कोणी ती गाळली, यावर अभ्यासकांमध्ये आजही एकमत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात मळ्यातील प्रार्थना नाही. त्यातील येशू पकडायला आलेल्यांना स्वतःच पुढे होऊन विचारपूस करतात. परंतु आपला जीव अस्वस्थ झाला असल्याची कबुली याही शुभवर्तमानात काही दिवस आधीच्या प्रसंगात आलेली आहे. अटकेच्या वेळी पेत्र तलवार उपसतो, तेव्हा पित्याने दिलेला प्याला आपण पिऊ नये काय, असे येशू त्याला विचारतात.

हा ‘प्याला’ साधा नव्हे. यशया आणि यिर्मया या संदेष्ट्यांच्या ग्रंथांत ईश्वराच्या कोपाच्या प्याल्याचा उल्लेख येतो. अन्यायी राष्ट्रांना तो प्यावा लागेल, असे तेथे म्हटलेले आहे. जगाच्या पापाचा तो परिणाम निरपराध व्यक्तीने स्वतःवर ओढून घेणे, असा अर्थ ख्रिस्ती धर्मशास्त्राने या मागणीत पाहिला. म्हणूनच येशूंची भीती केवळ शारीरिक वेदनांची नव्हती, असे धर्मशास्त्री सांगत आले आहेत. तरीही क्रूसावरील मृत्यू ही रोमन साम्राज्यातील सर्वांत क्रूर आणि सर्वांत लाजिरवाणी शिक्षा होती, हे विसरता येत नाही.

टीकाकारांचा सवाल

हा वृत्तांत आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना अडचणीचा ठरला. ग्रीक-रोमन जगात आदर्श होता तो सॉक्रेटिसचा. इसवी सनपूर्व ३९९ मध्ये अथेन्समध्ये विषाचा प्याला हाती आला, तेव्हा त्याने शिष्यांशी आत्म्याच्या अमरत्वाची चर्चा केली आणि तो शांतपणे रिचवला, असे प्लेटोने लिहिले आहे. त्या तुलनेत गेथशेमानेतील येशू दुबळे दिसत. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या तत्त्वज्ञाने नेमके याच मर्मावर बोट ठेवले. जो स्वतःला देव म्हणवतो, तो शोक का करतो आणि मृत्यूच्या भयातून सुटका का मागतो, असा त्याचा उपरोधिक प्रश्न होता. सेल्ससचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. तिसऱ्या शतकात ऑरिजेन याने त्याला दिलेल्या उत्तरातून तो कळतो.

या आक्षेपाला उत्तर देताना काही ख्रिस्ती लेखकांनी भीतीचा अर्थच बदलण्याचा प्रयत्न केला. चौथ्या शतकातील बिशप हिलरी यांच्या मते येशूंना स्वतःच्या मृत्यूचे भय नव्हते, शिष्यांच्या श्रद्धेची काळजी होती. त्याच शतकात ख्रिस्ताचे पूर्ण देवत्व नाकारणाऱ्या एरियसपंथीयांनी हाच प्रसंग आपल्या बाजूचा पुरावा म्हणून पुढे केला. अशा कोंडीत सापडूनही चर्चने हा वृत्तांत ग्रंथातून वगळला नाही. उलट नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ येशूंच्या आक्रोशाचा आणि अश्रूंचा उल्लेख करून त्यांनी दुःखातूनच आज्ञापालनाचा धडा घेतला, असे सांगते.

मृत्यू ओढवून घेणे अमान्य

रोमन छळाच्या काळात हा प्रसंग व्यवहारातही उतरला. स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर, येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प यांच्या हौतात्म्याचा दुसऱ्या शतकातील वृत्तांत या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्यात क्विंटस नावाच्या एका माणसाची गोष्ट येते. तो उत्साहाच्या भरात आपणहून अधिकाऱ्यांच्या हवाली झाला. श्वापदे पाहताच मात्र त्याचे अवसान गळाले आणि त्याने रोमन देवांना आहुती दिली. आपणहून स्वतःला हवाली करणाऱ्यांची आम्ही प्रशंसा करीत नाही, असे वृत्तांतकार स्पष्टपणे नोंदवतो. पॉलिकार्प मात्र आधी गावाबाहेरच्या शेतघरात लपून राहिले होते. शोध घेत आलेल्यांना त्यांनी जेवू घातले, प्रार्थनेसाठी वेळ मागून घेतला आणि मगच ते त्यांच्याबरोबर निघाले. संकट टाळता येत असेल तर टाळावे, ते अटळ झाले तर निष्ठा सोडू नये, ही मर्यादा त्यातून आखली गेली.

दोन इच्छांचा वाद

सातव्या शतकात या प्रार्थनेवरून बायझंटाइन साम्राज्यात मोठा संघर्ष पेटला. फुटीर ख्रिस्ती गटांना एकत्र आणण्यासाठी सम्राट हेराक्लियसने ६३८ मध्ये एक फर्मान काढले. ख्रिस्ताचे ठायी एकच इच्छा, म्हणजे ईश्वरी इच्छा होती, असे त्यात म्हटले होते. वरकरणी हा सूक्ष्म तात्त्विक मुद्दा वाटतो. परंतु मॅक्सिमस या संन्याशाने विचारले की, इच्छा एकच असेल तर गेथशेमानेत प्याला दूर करण्याची मागणी कोणी केली?

मॅक्सिमस यांचे प्रतिपादन असे होते की, जगावेसे वाटणे आणि मरणापासून मागे सरणे ही मानवी देहाची निसर्गदत्त प्रवृत्ती आहे. ती ईश्वरानेच निर्माण केलेली असल्याने तिच्यात पाप नाही. ख्रिस्त खरोखर मानव होते, म्हणून त्यांना भय वाटले. आणि ‘तुझ्या मनासारखे होवो’ हा होकारही त्याच मानवी इच्छेने दिला. होकार देणारी मानवी इच्छाच नसेल, तर आज्ञापालनाला अर्थ उरत नाही. कळसूत्री बाहुलीच्या हालचालीला कोणी निष्ठा म्हणत नाही.

सम्राट काँस्टन्स दुसरा याने ६४८ मध्ये या विषयावर चर्चा करण्यासच बंदी घातली. पोप मार्टिन पहिले यांनी ६४९ मध्ये रोममधील सभेत एकेच्छावादाचा निषेध केला. त्यांना अटक झाली आणि ६५५ मध्ये क्रिमियात हद्दपारीतच त्यांचा मृत्यू झाला. ऐंशी वर्षांच्या मॅक्सिमस यांची जीभ आणि उजवा हात छाटण्यात आला. १३ ऑगस्ट ६६२ रोजी आजच्या जॉर्जियाच्या प्रदेशात, हद्दपारीत त्यांनी प्राण सोडला. १९ वर्षांनी, ६८१ मध्ये, कॉन्स्टँटिनोपल येथील तिसऱ्या परिषदेने ख्रिस्ताच्या ठायी ईश्वरी आणि मानवी अशा दोन इच्छा असल्याचे मान्य केले. भय वाटणारे मन आणि होकार देणारे मन एकच असू शकते, हा निर्णय अशा रीतीने चर्चच्या अधिकृत सिद्धान्तात दाखल झाला.

कोठडीतील वाचक

इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर सर थॉमस मोर यांनी राजा आठवा हेन्री यास चर्चचा प्रमुख मानण्यास नकार दिला. एप्रिल १५३४ मध्ये त्यांची रवानगी टॉवर ऑफ लंडनमध्ये झाली. तेथे त्यांनी लॅटिनमध्ये जो अखेरचा ग्रंथ लिहावयास घेतला, त्याचा विषय होता गेथशेमानेतील ख्रिस्ताचे दुःख. आपण वेदनेला घाबरणारे आहोत, हे मोर यांनी कन्या मार्गारेट हिला लिहिलेल्या पत्रांत लपवले नव्हते. त्यांच्या ग्रंथाचा आशय असा की, निधड्या छातीचे हुतात्मे पुष्कळ झाले, परंतु भित्र्या माणसालाही एक वाटाड्या हवा असतो. ख्रिस्ताने भीती अनुभवली ती अशा माणसांसाठी. थरथरत का होईना, त्यांनी त्याचे वस्त्र धरून मागोमाग चालावे. ग्रंथ येशूंच्या अटकेपर्यंत येऊन थांबतो, कारण त्याच सुमारास मोर यांचे लेखनसाहित्य काढून घेण्यात आले. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. नात मेरी बॅसेट हिने केलेला इंग्रजी अनुवाद १५५७ मध्ये छापला गेला. मोर यांच्या हस्ताक्षरातील मूळ प्रत १९६३ मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे ओळखली गेली.

विसाव्या शतकात जर्मन धर्मशास्त्री दीत्रिश बोनहॉफर यांनी हाच प्रसंग बर्लिनमधील तेगेलच्या तुरुंगात पुन्हा वाचला. १९३९ मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये सुरक्षित होते. देशबांधवांच्या संकटात आपला वाटा उचलण्यासाठी ते काही आठवड्यांतच परतले. हिटलरविरोधी गटाशी संबंध आल्याने ५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक झाली. बाहेरच्यांना धीरोदात्त दिसणारा कैदी आतून किती अस्वस्थ आहे, यावर त्यांनी तुरुंगातच एक कविता लिहिली. हिटलरच्या हत्येचा २० जुलै १९४४ चा कट फसला, त्याच दिवसांतील पत्रांत त्यांनी गेथशेमानेचा उल्लेख केला आहे. त्यांनी लक्ष वेधले ते झोपलेल्या शिष्यांकडे. संकटात माणूस देवाकडे मदत मागतो, पण येथे देवच माणसाकडे सोबत मागतो आहे. तेव्हा जगाच्या दुःखात ख्रिस्ताबरोबर जागे राहणे हीच श्रद्धा, असा त्यांचा निष्कर्ष होता. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनब्युर्ग छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले. ‘प्रतिकार आणि समर्पण’ अशा अर्थाच्या शीर्षकाने त्यांची पत्रे १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची कहाणीही याच वळणाची आहे. मॉन्टगोमेरीतील बस बहिष्कार सुरू असताना जानेवारी १९५६ मधील एका रात्री त्यांना धमकीचा दूरध्वनी आला. तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते. आपण पुरते खचलो होतो आणि भित्रे न दिसता यातून अंग कसे काढून घ्यावे, याचा विचार करीत होतो, असे त्यांनी १९५८ मधील पुस्तकात प्रांजळपणे लिहिले आहे. स्वयंपाकघरातील टेबलावर डोके टेकून त्यांनी आपली दुर्बलता ईश्वरापुढे मोठ्याने बोलून दाखवली आणि न्यायासाठी उभा राहा, असा आदेश मनोमन ऐकला. पुढे तीनच दिवसांनी त्यांच्या घराच्या व्हरांड्यात बॉम्ब फुटला. पत्नी आणि तान्ही मुलगी सुदैवाने बचावल्या. बाहेर जमलेल्या संतप्त समर्थकांना किंग यांनी शांततेने परतण्यास सांगितले.

उपासना आणि कला

कॅथलिक चर्चमध्ये पवित्र गुरुवारी सायंकाळच्या मिस्सानंतर वेदीवरील सजावट काढून घेतली जाते. पवित्र भाकर वेगळ्या वेदीवर नेऊन ठेवतात आणि भाविक मध्यरात्रीपर्यंत तेथे आळीपाळीने जागतात. झोपलेल्या शिष्यांची उणीव भरून काढण्याचा भाव त्यात असतो. वसईच्या किनाऱ्यापासून मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणांपर्यंत हा प्रघात पाळला जातो. गुरुवारच्या रात्री एक तास जागून करावयाची ‘पवित्र घटिका’ ही उपासना सतराव्या शतकातील फ्रेंच संन्यासिनी मार्गारेट मेरी अलाकोक यांच्यापासून रूढ झाली. रोझरीच्या जपमाळेतील दुःखाच्या पाच रहस्यांपैकी पहिले रहस्य गेथशेमानेतील वेदनेचेच आहे.

चित्रकारांनाही या विषयाने भुरळ घातली. मान्तेन्या आणि बेलिनी या एकमेकांच्या नात्यातील दोन इटालियन चित्रकारांनी पंधराव्या शतकात काढलेली याच प्रसंगाची चित्रे लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. दोहोंतही शिष्य गाढ झोपलेले असून दूरवरून सैनिक येताना दिसतात. संगीतकार बीथोव्हेन याने या रात्रीवर रचलेले संगीत ५ एप्रिल १८०३ रोजी व्हिएन्नात प्रथम सादर झाले. आपली श्रवणशक्ती जात असल्याची व्यथा त्याने भावांना उद्देशून कागदावर उतरवली, त्याला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते.

मराठीत ख्रिस्तचरित्राची परंपरा चारशे वर्षांची आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. त्याच्या दुसऱ्या भागात ख्रिस्ताचे जीवन येते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ‘ख्रिस्तायन’ रचावयास घेतले. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अपूर्ण होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाई टिळकांनी. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे केडगावच्या मुक्तिसदनात मूळ भाषांवरून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर करण्यात वेचली. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेल्यानंतरही त्यांनी ते काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू झाला.

विषाद आणि मौन

मराठी वाचकाला या ठिकाणी भगवद्गीतेचा पहिला अध्याय आठवणे स्वाभाविक आहे. कुरुक्षेत्रावर अर्जुनाचे गात्र शिथिल होते, धनुष्य गळून पडते. परंतु तेथे विषाद भक्ताचा आहे, भगवंत सारथी होऊन शेजारी उभे आहेत आणि उत्तर सतरा अध्यायांचे आहे. गेथशेमानेत विषाद आराध्याचाच आहे. मार्क आणि मत्तय यांच्या वृत्तांतात तर आकाशातून उत्तरादाखल एक शब्दही येत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी ऐकू आलेली ईश्वराची वाणी येथे मौन पाळते. ख्रिस्ती श्रद्धेला या मौनासह पुढे जावे लागते.

या प्रसंगाचा गैरवापरही झालेला आहे. गुलाम, पीडित स्त्रिया, रुग्ण यांना निमूट सोसण्याचा उपदेश करताना ‘ईश्वरेच्छा’ हा शब्द अनेकदा वापरला गेला. मूळ वृत्तांत पाहिला तर अशा उपदेशाला त्यात आधार सापडत नाही. येशू आधी सुटका मागतात, तीही एकदा नव्हे, तीनदा. वेदना चांगली आहे, असे ते कोठेही म्हणत नाहीत. आपली अवस्था ते मित्रांपासून लपवत नाहीत आणि एकटे सोसण्यात मोठेपणा मानत नाहीत. होकार येतो तो या सगळ्यानंतर, आणि तो त्यांचा स्वतःचा असतो. तो दुसऱ्या कोणी त्यांच्यावर लादलेला नसतो.

जवळचे माणूस आजारात किंवा संकटात रात्र काढत असेल, तर त्याला ‘धीर सोडू नकोस, श्रद्धा ठेव’ असे सांगणे सोपे असते. गेथशेमानेत येशूंनी शिष्यांकडे उपदेशही मागितला नव्हता आणि तलवारही. सोबत जागे राहा, एवढेच मागितले होते. तेवढेही त्यांना मिळाले नाही. तरीही तिसऱ्या प्रार्थनेनंतर त्यांनी शिष्यांना उठवले आणि मशालींच्या दिशेने ते स्वतः निघाले. भीती गेली होती, असे कोणत्याही शुभवर्तमानात लिहिलेले नाही.